सर्व्हर सातासमुद्रापार, गुन्हा आपल्या टेबलावर

शहापूर-मुरबाडकडच्या झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानांत एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो : "साइट परदेशातली, सर्व्हर परदेशातला. तिथं आपला कायदा चालत नाही. मग तिथून क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकलं तर कोण विचारतंय?" उंबरमाळीहून कसारा लोकल पकडून कॉलेजला जाणारी मुलंही हेच छातीठोकपणे सांगतात. हा युक्तिवाद साफ खोटा आहे, आणि तो खपवून घेण्याची किंमत भलतेच लोक मोजतात.

कायद्याचं आधी पाहू. कॉपीराइट अधिनियम १९५७ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीनं ६३ब हे कलम आलं. संगणकावर सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रतीचा जाणूनबुजून वापर करणं हाच त्यात गुन्हा आहे. शिक्षा ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर धंद्यासाठी किंवा फायद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. लग्नपत्रिका छापून पैसे घेणाऱ्या दुकानाला ही सवलत नाही. फाइल कुठल्या देशातून उतरवली, हा प्रश्न या कलमात येतच नाही. संगणक खर्डीत असेल तर गुन्हा खर्डीत.

बरं, ज्या 'सुरक्षित बेटां'चा एवढा भरवसा धरला जातो, त्यांचं काय झालं? इंग्लंडच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रातल्या एका जुन्या लष्करी मनोऱ्यावर 'सीलँड' नावाचं स्वयंघोषित राज्य आहे. २००० साली तिथं हेवनको ही कंपनी निघाली : कुठल्याही सरकारचा हात पोहोचणार नाही अशी माहितीची तिजोरी. २००८ मध्ये ती बंद पडली. मनोऱ्याभोवतीचं पाणी ब्रिटननं १९८७ मध्येच १२ सागरी मैलांच्या आपल्या हद्दीत घेतलं होतं. मेगाअपलोड या फाइल-देवाणघेवाणीच्या साइटची नोंदणी हाँगकाँगची, तरी तिच्या संस्थापकाला जानेवारी २०१२ मध्ये न्यूझीलंडमध्ये अटक झाली. आणि साइट आवाक्याबाहेर राहिली तरी तिची वाट इथूनच जाते. १० एप्रिल २०१९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं चोरट्या साइट आणि त्यांच्या नव्या पत्त्यांवर येणाऱ्या प्रतिकृतीही बंद करण्याची वाट खुली केली, ती इथल्याच इंटरनेट कंपन्यांमार्फत.

"पण गरीब पोरानं करायचं काय?" हा आक्षेप मात्र खरा आहे. परवान्यांच्या किमती गावच्या दुकानाला झेपत नाहीत, हे मान्य. पण त्यावर चोरी हाच उपाय कसा? मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' हे देवनागरी टंक खुल्या परवान्यावर फुकट मिळतात. अर्ज-पत्रांसाठी लिब्रेऑफिस, पत्रिकेसाठी इंकस्केप आहे. जुन्या टंकांतल्या फायली युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं बिघडतात, दोन-चार महिने डोकं उठतं, हे खरं. पण ते कष्ट एकदाच करायचे असतात.

माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. क्रॅकसोबत येणारी सूचना वाचा : "आधी अँटिव्हायरस बंद करा." दुकानदार तो बंद करतो. त्याच संगणकात दिवसभर आधार कार्डं, सातबारे, बँकेची पासबुकं, जातीचे दाखले स्कॅन होत असतात. कातकरी, ठाकूर वस्तीतली बाई दाखल्यासाठी आपली सगळी कागदपत्रं काचेवर ठेवून जाते. ती फाइल तिथंच राहते, आणि पहारा उठवलेला असतो.

इथं मात्र परदेशाचा आडोसा खरोखर कामाला येतो, पण ही माहिती पळवणाऱ्या चोराच्या. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० चं कलम ७५ सांगतं की भारतातल्या संगणकावर बाहेरून गुन्हा झाला तरी हा कायदा लागू होतो. कागदावर हात लांब आहे. पुरावा मागवायला मात्र देशादेशांतल्या करारांची वाट पाहावी लागते, आणि सायबर गुन्ह्यांवरच्या २००१ च्या बुडापेस्ट कराराचा भारत सदस्य नाही. मोठी कंपनी वकील लावून जगभर पाठलाग करते. उंबरमाळीच्या बाईच्या खात्यातले पैसे गेले तर तिच्यासाठी त्या बेटापर्यंत कोण जाणार?

म्हणून लोकांची कागदपत्रं हाताळणाऱ्या प्रत्येक सेतू आणि सेवा केंद्राच्या संगणकावर परवान्याचं किंवा मुक्त सॉफ्टवेअरच हवं, आणि केंद्राची नोंदणी करताना ते तपासलंच पाहिजे. नुसती तपासणी लादून भागणार नाही. मुक्त सॉफ्टवेअरचं मराठीतलं प्रशिक्षण तालुक्याच्या ठिकाणी, फुकट, शासनानं द्यावं. दंडाची पावती फाडण्याआधी.