मी बंदूक का चालवतो?



मागच्या रविवारी विहारातली वंदना आटोपून निघालो, तेव्हा खांद्यावरची लांब पिशवी बघून आमच्या वस्तीतल्या एका ज्येष्ठ काकांनी मला थांबवले. "काय रे, ह्यात काय आहे?" मी म्हणालो, "काका, बंदूक आहे. छऱ्याची." ते दोन मिनिटे काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आत्ता पंचशील घेतलंस ना बाबा? मग हे कशाला?"

काकांना रस्त्यात उभ्याउभ्या नीट उत्तर देता आले नाही. चळवळीतले मित्रही हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत असतात. कुणी चेष्टेत "भाई झाला आमचा" म्हणतो, तर कुणी खासगीत "मलाही एक बघ की" म्हणतो. ह्या दोघांनाही काय ते एकदा स्पष्ट सांगावे, म्हणून हा लेख.

आधी वस्तुस्थिती. माझ्याकडे पॉइंट १७७ ची एअर रायफल आहे. ठरावीक ताकदीच्या आतल्या अशा एअर रायफलला आपल्याकडे परवाना लागत नाही. पाथर्डीत घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दहा मीटर मोजून मी भिंतीला वाळूची पोती लावली आहेत. त्यांच्यापुढे कागदाचे लक्ष्य टांगतो आणि रविवारी सकाळी तासभर नेम धरतो. पक्षी, प्राणी, कुत्रे ह्यांच्यावर एकदाही नळी वळवलेली नाही. माझी बंदूक ती एवढीच.

आता कारणे.

पहिले कारण आजोबा. ते महार रेजिमेंटमध्ये मशीनगनवर होते. गावी परतले तेव्हा छातीवर पदके होती, आणि राहायला तोच महारवाडा. पलटणीत ज्याच्या हातात मशीनगन दिली, त्याला गावात पाण्यासाठी लांब उभे राहावे लागले. हा फक्त माझ्या आजोबांचा अनुभव नाही. कोरेगावच्या लढाईत लढलेल्या आपल्या लोकांची भरती इंग्रजांनी १८९० च्या दशकात बंद केली. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला, १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी केला. पहिल्या महायुद्धात १९१७ साली महार पलटण उभी केली आणि गरज संपताच ती मोडलीही. शेवटी १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. सुभेदार रामजींच्या मुलाला बंदुकीचा अर्थ कुणी शिकवायची गरज नव्हती.

समाजशास्त्र शिकताना 'जातिप्रथेचे विध्वंसन' वाचले, तेव्हा मला हे सगळे एका सूत्रात दिसले. भारतात सामाजिक क्रांती का झाली नाही, ह्या प्रश्नाचे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये दिलेले उत्तर असे की चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गांना शस्त्रही नाकारले आणि विद्याही नाकारली. शस्त्र कुणी धरायचे हे जातीने ठरवले होते. कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पमध्ये पॉइंट २२ रायफल पहिल्यांदा हातात आली, पाच गोळ्या झाडल्या, आणि शेजारच्या पोराइतकाच माझाही नेम बसला. रायफल मला माझी जात विचारत नव्हती. त्या दिवशी जे वाटले ते मी अजून विसरलेलो नाही.

दुसरे कारण साधे आहे. मला नेमबाजी आवडते. दहा मीटरच्या एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्याच्यासाठी श्वास अर्धा सोडून थांबावे लागते. मनात राग असेल तर छर्रा बाहेर जातो, घाई असेल तरी बाहेर जातो. आठवडाभर ऊसतोड कामगारांच्या मुलांचे दाखले, अत्याचाराच्या तक्रारी, कचेऱ्यांचे हेलपाटे करून डोके तापलेले असते. आनापानसतीला बसलो की मी बऱ्याचदा पेंगतो. रायफल धरल्यावर मात्र श्वास कळतो. आपल्या पोरांनी क्रिकेट, कबड्डी खेळावी आणि नेमबाजी मात्र 'मोठ्या लोकांचा खेळ' म्हणून सोडून द्यावी, हे मला पटत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसहून ऑलिंपिक पदक घेऊन आला. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत कोल्हापूरच्याच. खेळ महागडा आहे हे खरे, पण म्हणूनच वसतिगृहात, शाळेत, सार्वजनिक रेंजवर तो आपल्यासाठी मागितला पाहिजे.

तिसरे कारण सांगायला मला जड जाते. ते कारण म्हणजे भीती.

२०१४ साली एप्रिलमध्ये खर्ड्यात आपल्या एका शाळकरी पोराला मारून टाकले. ऑक्टोबरमध्ये आमच्याच तालुक्यात जवखेडे खालसाला एका दलित कुटुंबातल्या तिघांचे खून झाले. जवखेड्यात पुढे पोलिसांनी भावकीतल्याच लोकांना अटक केली आणि त्या तपासाबद्दल आपल्यात दोन मते आहेत. पण त्या महिन्यात वस्तीवर रात्री कशा गेल्या, त्याबद्दल दोन मते नाहीत. मी तेव्हा पंचविशीच्या आत होतो. सोनईचे तिहेरी हत्याकांड होऊन दोन वर्षेही झाली नव्हती. मोर्चाहून रात्री मोटारसायकलवर एकटा परतताना मागून गाडीचा दिवा दिसला की पाठीत गार व्हायचे. तेव्हा मला खेळाची नाही, खरी बंदूक हवी होती. कुणासाठी, ते विचारू नका.

मी परवान्याची माहिती काढायला लागलो आणि मला वेगळेच काही सापडले. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे १९९५ चे नियम आहेत. त्यांतला नियम ३ आपल्यातल्या किती कार्यकर्त्यांनी वाचला आहे? अत्याचारप्रवण क्षेत्र निश्चित झाल्यावर शासनाने काय करायचे, ते त्यात क्रमाने दिले आहे. गरज वाटल्यास त्या क्षेत्रातल्या अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे शस्त्र परवाने रद्द करून शस्त्रे सरकारजमा करायची. बेकायदा शस्त्रे जप्त करायची. आणि गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना संरक्षणासाठी शस्त्र परवाने द्यायचे.

क्रम नीट बघा. आधी धमकावणाऱ्याच्या हातातले शस्त्र काढायचे आहे, आपल्या हातात द्यायची गोष्ट नंतर येते. मी मात्र शेवटच्याच ओळीवर बोट ठेवून बसलो होतो. आपल्यातले पुष्कळ जण आजही तिथेच बसले आहेत.

पहिल्या ओळीचे महत्त्व कळायला पाथर्डीहून लांब जायला नको. हद्दीपलीकडे बीड जिल्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचाची हत्या झाली आणि मग त्या जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांवर राज्यभर बोलणे सुरू झाले, अनेक परवाने रद्द झाले. एवढे परवाने मुळात कुणाला मिळाले होते? भूमिहीन मजुराला? वस्तीवरच्या साक्षीदाराला? ज्याच्याकडे जमीन, ठेका आणि पुढारी आहे, त्यालाच बंदूकही मिळते. सगळ्यांनी बंदुका घ्याव्यात म्हटले, तर त्या शर्यतीत आपण कायम शेवटी राहू.

खर्ड्याच्या खटल्यात २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार फितूर झाले. माझ्या कमरेला पिस्तूल असते, तर एक तरी साक्षीदार टिकला असता का? साक्षीदाराला टिकवायला त्याच्या घरी रोज जाणारा माणूस लागतो. त्याची मजुरी बुडाली तर भरून देणारा लागतो, आणि कायद्याचे कलम १५-अ पोलिसांपुढे ठेवून संरक्षण मागणारा लागतो. ते काम मी करतो. खरी बंदूक घ्यायचा विचार मी सोडला तो ह्या कामामुळे. भीती पूर्ण गेली असे मात्र म्हणणार नाही.

आता काकांच्या प्रश्नाकडे येतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज ह्यांत फरक केला आहे. बुद्धाची अहिंसा ही दुबळ्याची अहिंसा नाही. त्याच ग्रंथातला सिद्धार्थ धनुर्विद्या शिकतो, पण शिकारीला जायला नकार देतो. आणि रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य संघ युद्धाला निघतो तेव्हा एकटा विरोधात उभा राहतो. काका, मला तो सिद्धार्थ जवळचा वाटतो. ज्याला शस्त्र चालवता येत नाही, त्याने ते खाली ठेवण्यात फारसे काही नाही. महाडला १९२७ मध्ये आपल्या लोकांवर हल्ला झाला, तेव्हा सभेला पलटणीतले निवृत्त सैनिक आलेले होते. बाबासाहेबांनी त्यांना उलट हात उगारू दिला नाही. पुढे हल्लेखोरांपैकी काहींना कोर्टात शिक्षा झाली.

शेवटी "मलाही एक बघ की" म्हणणाऱ्या भावांसाठी. जयंतीच्या मिरवणुकीत गावठी कट्टा दाखवून रील काढणाऱ्या पोरांना मी ओळखतो. भावा, विनापरवाना कट्टा म्हणजे शस्त्र कायद्याचे कलम २५, किमान दोन वर्षे तुरुंग. मिरवणुकीत परवान्याच्या बंदुकीने बार काढला तरी २०१९ च्या दुरुस्तीनुसार तो गुन्हाच आहे. तुझी केस लढायला तुझ्या आईला मंगळसूत्र विकावे लागेल, आणि कट्टा विकणारा दुसऱ्या पोराकडे गेलेला असेल.

त्यापेक्षा नियम ३ खाली जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज लिही. आपल्या तालुक्यातले कुठले गाव अत्याचारप्रवण म्हणून निश्चित केले आहे, तिथे किती शस्त्र परवाने आहेत आणि ते कुणाच्या नावावर आहेत, हे लेखी विचार. उत्तर आले नाही तर माहिती अधिकार टाक. अर्ज लिहिता येत नसेल तर रविवारी सकाळी माझ्याकडे ये. आधी अर्ज लिहू, मग दहा छर्रे तूही मारून बघ.

काकांनाही बोलावले आहे. बघू या येतात का.

जय भीम! नमो बुद्धाय!