परकें वाद्य आणि आपले कान

जें आपल्या कानांस ओळखीचें नाहीं तें संगीतच नव्हे, असें मत पुष्कळ सुशिक्षित घरांतूनही ऐकूं येतें. त्यांतून 'जाझ' हा शब्द उच्चारला कीं, तो निव्वळ गोंगाट, असा निकाल वडील मंडळी न ऐकतांच देऊन मोकळी होतात. हा निकाल न्यायाचा नव्हे, असें आम्हांस वाटतें. व आपलें म्हणणें एका मैफलीच्या आधारें आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

२१ फेब्रुवारी १९७१ रोजीं न्यूयॉर्क येथील कार्नेगी हॉलमध्यें ॲलिस कोल्ट्रेन या बाईंचें वादन झालें. त्या मूळच्या पियानो वाजविणाऱ्या. त्यांचे पति, विख्यात सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन, यांनीं हार्प हें वाद्य मागविलें होतें. पण तें घरीं येण्यापूर्वींच, १९६७ सालीं, ते निवर्तले. लहान मुलें सांभाळीत बाईंनीं तें नवें वाद्य हातीं धरिलें, आणि चार वर्षांच्या आंत त्या या रंगमंचावर बसल्या. साथीस हार्मोनियम व तंबोरा होता! या मैफलीचें ध्वनिमुद्रण २०२४ सालीं प्रसिद्ध झालें असल्यामुळें ती आज आपणांसही घरबसल्या ऐकतां येते.

हार्पवर जाझ वाजविणें सोपें नव्हे. मोठ्या हार्पला ४७ तारा असतात व स्वर चढविण्या-उतरविण्यासाठीं पायाशीं ७ पट्ट्या असतात. एक पट्टी दाबली कीं त्या स्वराच्या निरनिराळ्या सप्तकांतील तारा एकदम बदलतात. जाझमध्यें स्वरसंगति क्षणोक्षणीं पालटते, आणि पुष्कळशी रचना वादकास आयत्या वेळीं करावी लागते. म्हणजे बोटें, पाय व बुद्धि यांचा मेळ एका निमिषांत जमला पाहिजे. आमच्या गवयाच्या तानेमागें जी तपश्चर्या असते, तीच येथेंही आहे.

कोणी म्हणेल, "पण वाद्य परकेंच ना?" समुद्रगुप्ताच्या सुवर्णनाण्यांवर तो सम्राट् जी वीणा वाजवीत बसला आहे, ती धनुष्याकृति, म्हणजे हार्पच्याच जातीची आहे. तें वाद्य आपल्या मैफलींतून लोपलें. ब्रह्मदेशानें मात्र तें जतन केलें. उलट, पेटी परदेशांतून आली. १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें ती वर्ज्य ठरविली होती. आज पेटीवांचून आमचें भजन रंगत नाहीं. तेव्हां वाद्य कोठें जन्मलें यास महत्त्व नाहीं. जो त्यावर मेहनत करितो, त्याचें तें होतें.

आपल्या शहराजवळच, मकबऱ्यामागील डोंगरांत, सातव्या लेण्यांत एक नर्तकी व तिच्याभोंवतीं सहा वादक स्त्रिया कोरलेल्या आहेत. शेंकडों वर्षें लोटलीं. हात तसेच आहेत, नाद मात्र गेला. दगड आपोआप टिकतो, पण नाद शिकणाऱ्यावांचून व ऐकणाऱ्यावांचून टिकत नाहीं.

म्हणून पालकांस आमची विनंती अशी कीं, परीक्षेंत गुण कमी पडले म्हणजे पहिली कुऱ्हाड मुलांच्या गाण्या-वाजविण्यावर घालूं नये. आणि विद्यार्थिमित्रांनो, नवें संगीत एकदां ऐकून निकाल देऊं नका. तीन वेळां स्वस्थ बसून ऐका. नंतर आवडलें नाहीं तर खुशाल तसें म्हणा. तें मत तुमचें स्वतःचें असेल, आणि तें ऐकून घेण्यास आम्ही सदैव तयार आहों.