मायनर म्हणजे काफी नव्हे

आमचं कळंब चिंतामणीचं गाव, आणि आमचा मुलूख तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांचा. इथं भजनाला पेटी असतेच. आता तिच्याशेजारी कीबोर्डही आलाय. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती मोबाइलवरून मिळणाऱ्या एका शिकवणीबद्दल : चाल उदास वाटली की मायनर स्केल घ्या, कॉर्ड पाठ करा, वाजवा. ही शिकवण आळशी आहे आणि तिच्यामुळे चाली बिघडतात.

कशा, ते वाजवूनच बघा. पांढरी दोनला सा धरा आणि फक्त पांढऱ्या पट्ट्यांवरून वरच्या सापर्यंत जा. गंधार आणि निषाद कोमल, बाकी सगळे शुद्ध. हा काफी थाट. पाश्चात्त्य संगीतातला डोरियन मोड तो हाच. मोबाइलवर नुसतं ‘मायनर’ म्हणतात तेव्हा बहुधा नॅचरल मायनर असतो. त्यात धैवतही कोमल, म्हणजे आपला आसावरी थाट. फरक एकाच सुराचा.

आता म-ध-सा एकत्र दाबा. काफीत धैवत शुद्ध, म्हणून ही कॉर्ड मेजर. नॅचरल मायनरच्या तक्त्यात याच जागी मायनर कॉर्ड येते, कोमल धैवताची. गाणारा शुद्ध धैवतावर उभा आणि खाली कीबोर्ड कोमल धैवत धरून बसलेला! स्पीकर कीबोर्डला असतो, त्यामुळे माघार गळ्यालाच घ्यावी लागते. हळूहळू गाणाऱ्याचा धैवत उतरतो आणि ती चाल पुढच्या पिढीला तशीच उतरलेली मिळते.

यावर काही जाणकार म्हणतात, आपल्या संगीतात कॉर्ड नकोच. मला हेही पटत नाही. पेटीसुद्धा युरोपातूनच आली. तिच्यावर मींड निघत नाही, हा आक्षेप खरा होता. ऑल इंडिया रेडिओनं १९४० साली तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ मध्ये सैल केली. भजनानं मात्र पेटी कधीच सोडली नाही.

जाणकारांचं एक म्हणणं मात्र मान्य. भातखंड्यांचे दहा थाट म्हणजे सुरांची वर्गवारी. राग त्याच्या चलनात असतो. प्रत्येक सुराखाली नवी कॉर्ड कोंबली तर ते चलन दबून जातं. म्हणून कॉर्ड थोड्याच हव्यात. काफीत सा-ग-प, म-ध-सा आणि नि-रे-म एवढ्यांवर खूप काही उभं राहतं.

मोडमध्ये राहून कॉर्ड वाजवता येतात का? १९५९ सालच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बममधलं माइल्स डेव्हिसचं ‘सो व्हॉट’ ऐका. त्यातली मुख्य धून पहिले सोळा बार आपल्या याच पांढऱ्या पट्ट्यांवरच्या डोरियनमध्ये आहे. तिथं बिल एव्हान्सचा पियानो दोनच कॉर्डनी उत्तर देत राहतो. घाई नाही, गर्दी नाही.

तेव्हा कीबोर्ड शिकणाऱ्यांनो, तक्ता बाजूला ठेवा. तानपुऱ्याचं अ‍ॅप लावा, आधी थाट गा. मग प्रत्येक कॉर्डचे तिन्ही सूर एकेक करून गा. जी कॉर्ड गळ्याला पटत नाही, ती बोटांनी वाजवू नका.