कपाटातलं झाड आणि आपली अनुमोदना



दरवर्षी दशलक्षण पर्व जवळ आलं की मी उपवासाच्या पारण्याबद्दल, नाहीतर चातुर्मासातल्या स्वयंपाकाबद्दल लिहिते. या वेळी विषय वेगळा आहे. काहींना तो इथे नको वाटेल. पण सात-आठ महिने मनात ठेवून मी थकले आहे, आणि यात माझीही चूक आहे. ती मान्य न करता क्षमावाणीला हात जोडणं मला जमणार नाही.

जानेवारीतली गोष्ट. आपल्याच जिल्ह्यातली माझी एक मैत्रीण विजेचं बिल घेऊन आली. मी बी.कॉम. झालेली, म्हणून मंडळातल्या बायका बिलं, पावत्या, एफडीचे कागद माझ्याकडे आणतात. "कूलर बंद, एसी बंद, तरी सत्तर-पंचाहत्तर युनिटं जास्त कशी गं? मीटर बिघडलं असेल का?" असं तिचं म्हणणं. आम्ही एकेक खोली धरून हिशेब मांडला, जुळेना. वरच्या खोलीत तिचा मुलगा राहतो. चोवीस वर्षांचा, पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो. त्या खोलीतलं भिंतीतलं कपाट कायम कुलपात असतं आणि खोलीत दिवसभर उदबत्ती जळते, हे तिनंच बोलता बोलता सांगितलं. "हल्ली फार धार्मिक झालाय," असंही म्हणाली.

चार दिवसांनी तिचा फोन आला. कपाटात देव नव्हता. दिवा होता, हवा बाहेर फेकणारा छोटा पंखा होता आणि कुंडीत गांजाचं झाड होतं. शंभर वॅटचा दिवा रोज अठरा तास जळला तर महिन्याला ५४ युनिटं होतात. उरलेली पंख्याची. हिशेब जुळला.

ती रडत होती. आणि मी काय सांगितलं? "कुणाला बोलू नकोस. मुलाचं स्थळ बघतोय आपण. हळूच समजाव, होईल ठीक."

हा सल्ला माझा होता. आजचं भांडण आधी माझ्याशी आहे, मग तुमच्याशी.

त्या मुलाशी मी बोलले. हुशार आहे, त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. तीच उत्तरं उद्या तुमच्या घरातही ऐकू येतील, म्हणून एकेक घेते.

पहिलं उत्तर मला फार लागलं. "मावशी, तुम्हीच सांगता ना, बाजारचा मसाला भेसळीचा, घरचं ते शुद्ध. मी बाहेरचं घेत नाही, घरी लावतो." म्हणजे माझ्या तिखट-हळदीचं वाक्य त्यानं गांजाला लावलं. मला तेव्हा सुचलं नाही, आता सांगते. घरचं तिखट आपण गच्चीवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वाळवतो. आपल्या बुलढाण्याच्या उन्हात मे महिन्यात पापड तासाभरात कडक होतात. अशा जिल्ह्यात एका झाडाला ऊन नाकारून दिव्याखाली कोंडावं लागतं, ते का? त्याला ऊन सोसत नाही म्हणून नाही. शेजाऱ्याला दिसू नये म्हणून. आणि शुद्ध म्हणावं तर तेही नाही. बंद कपाटात ओल धरते, बुरशी येते, पानांवर बारीक कोळी पडतात. मग नवशिका मुलगा औषध फवारतो. त्या फवाऱ्यात किती त्रस जीव गेले, आणि ते औषध शेवटी कुणाच्या छातीत गेलं? आपण पाणी गाळून पितो, आणि वरच्या मजल्यावर हे चालतं.

दुसरं उत्तर: "हे झाडच तर आहे. कंदमूळ नाही, सप्तव्यसनांत नाव नाही." खरं आहे, सप्तव्यसनांत गांजा हा शब्द नाही. पण मद्य का वर्ज्य? त्यात जीवहिंसा आहे म्हणून, आणि ते शुद्ध हरवतं म्हणून. आचार्य उमास्वातींनी हिंसेची व्याख्या करताना सुरुवातच प्रमादापासून केली आहे. जो सावध नाही, त्याच्या हातून हिंसा होते. मग ज्याचा उपयोगच सावधपणा घालवणं, त्याला यादीत नाव कशाला हवं? अनर्थदंडाचे पाच प्रकार पाठशाळेत आपण पाठ केले होते: पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती, प्रमादचर्या. तो मुलगा रात्र रात्र नवशिक्यांसाठीचे व्हिडिओ बघत होता. बनवणाऱ्याचा तो पापोपदेश, बघणाऱ्याची दुःश्रुती. आपल्या आचार्यांनी मोबाईल पाहिला नव्हता, पण माणूस पाहिला होता.

तिसरं: "कॅनडात चालतं, जर्मनीत चालतं." चालतं. कॅनडानं ऑक्टोबर २०१८ मध्ये घरी चार झाडांपर्यंत परवानगी दिली, जर्मनीनं एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला तीन. पण अर्धीच बातमी का सांगायची? कॅनडातल्याच क्विबेक प्रांतात घरी एकही झाड लावता येत नाही, आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी कायम ठेवली. थायलंडनं जून २०२२ मध्ये सगळं मोकळं केलं, आणि तीन वर्षांतच फुलांच्या विक्रीला डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली. तिकडचा माल बॅगेत घालून मुंबई विमानतळावर पकडले जाणारे प्रवासी तर आपण बातम्यांत बघतोच. आणि आपला मुलगा कॅनडात राहत नाही. तो आपल्या जिल्ह्यात, आईच्या नावावरच्या घरात राहतो.

चौथं: "इंग्रजांच्या आयोगानंच सांगितलं की थोडा गांजा अपाय करत नाही." १८९३-९४ चा तो आयोग खरा आहे. हजारावर साक्षी घेतल्या आणि माफक सेवनानं फारसा अपाय होत नाही असं म्हटलं. पण त्याच आयोगानं लागवडीवर आणि विक्रीवर सरकारी ताबा आणि कर हवा, असंही सांगितलं. त्या काळी आपल्या जळगाव जामोदच्या डोंगरापलीकडे खंडव्याकडे गांजा पिकायचा, तो सरकारच्या परवान्यानं आणि देखरेखीखाली. कुलूपबंद कपाटाला त्या आयोगाचा आधार घेता येत नाही. शिवाय दिव्याखाली जोपासलेल्या आजच्या वाणांत नशेचा अंश त्या काळच्या गांजापेक्षा पुष्कळ जास्त असतो. असा जोरदार माल रोज ओढणाऱ्या तरुणांत मनाचे गंभीर आजार अनेक पटींनी जास्त दिसतात, हे डॉक्टर वारंवार सांगत आहेत. मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते. आपला मुलगा चोवीसचा.

पाचव्या उत्तरात मात्र तथ्य आहे आणि ते मी नाकारत नाही. औषध म्हणून या झाडाचा उपयोग आहे. लहान मुलांच्या दोन कठीण प्रकारच्या फिट्सवर यातल्याच एका घटकाच्या औषधाला अमेरिकेनं २०१८ मध्ये मान्यता दिली. आयुर्वेदातही परवान्यानं वापर होतो. पण औषधाला मात्रा असते, वैद्य असतो, बाटलीवर तारीख असते. कपाटातल्या कुंडीला यातलं काय होतं?

आता कायद्याचं. हे नीट वाचा, कारण आपण बायका कायदा पुरुषांवर सोडतो, आणि घर मात्र हल्ली आपल्या नावावर असतं, मुद्रांक शुल्कात सवलत मिळते म्हणून.

अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा १९८५ चा. तो लागू झाला १४ नोव्हेंबरला, बालदिनाला. त्यात एक किलोपर्यंत गांजा ही 'अल्प मात्रा' धरली आहे आणि ती बाळगण्याची शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष. मुलं हेच ऐकून येतात आणि "काही होत नाही" म्हणतात. पण झाड लावणं हा वेगळा गुन्हा आहे. कलम २० मध्ये लागवडीला अल्प, मध्यम असं मोजमाप नाही. शेत असो की कुंडी, शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्रेटर नोएडात एका तरुणानं फ्लॅटमध्येच कुंड्यांत गांजा लावला होता, त्याला अटक झाली. आपल्याकडे कपाशीत, तुरीत लपवलेली झाडं पोलिसांनी उपटल्याची बातमी जिल्ह्याच्या पानावर मधूनमधून येते. ती वाचून आपण "काय हे लोक" म्हणतो. कर्जानं पिचलेल्या शेतकऱ्याच्या तुरीतलं झाड गुन्हा, आणि आपल्या पदवीधर मुलाच्या कपाटातलं झाड 'छंद'? कायद्याला हा फरक ठाऊक नाही. आपल्यालाही नसावा.

आणि कलम २५. घराचा मालक किंवा घर ज्याच्या ताब्यात आहे तो, जाणूनबुजून आपल्या घरात हा गुन्हा होऊ देत असेल, तर त्यालाही तीच शिक्षा.

'जाणूनबुजून' हा शब्द वाचला आणि मी बसून राहिले. माझ्या मैत्रिणीला बिल समजेपर्यंत ती निर्दोष होती. फोन ठेवल्यानंतर नव्हती. आणि त्या दोन्हीच्या मध्ये माझा सल्ला होता.

हे कायद्यानं १९८५ मध्ये सांगितलं, आपल्या घरात ते त्याच्याही कितीतरी आधीपासून भिंतीवर टांगलेलं आहे. माळेचे मणी १०८ का, हे आपण नातवंडांना शिकवतो. क्रोध, मान, माया, लोभ हे चार. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काया हे तीन. कृत, कारित, अनुमोदना हे तीन. चार गुणिले तीन गुणिले तीन गुणिले तीन, १०८. पाप आत येण्याचे तेवढे दरवाजे. त्या मुलानं मनाशी ठरवलं तो संरंभ, दिवा आणि पंखा जमवला तो समारंभ, बी रुजवलं तो आरंभ. ते त्याचं. पण तो चार दिवस पुण्याला गेला तेव्हा "आई, तेवढं पाणी घाल" म्हणाला, आणि माझ्या मैत्रिणीनं घातलं. झाड सुकेल आणि मुलगा चिडेल म्हणून. ते तिचं. आणि मी "बोलू नकोस" म्हणाले, ती अनुमोदना, ती माझी. रोज माळ ओढणाऱ्या तीन माणसांत एका कुंडीची वाटणी झाली.

लपवण्यानं काय साधलं ते सांगते. चैत्रात तो मुलगा झोपेनासा झाला. खाली रस्त्यावर गाडी थांबली की पडदा बाजूला करून बघायचा. आई जेवणात काही घालते असं म्हणायला लागला. ज्या आईनं त्याच्या झाडाला पाणी घातलं, तिच्या हातची भाकरी त्याला विषारी वाटू लागली. त्या आठवड्यात मैत्रिणीनं मला न विचारता, बरं झालं न विचारता, त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. झाड त्याच्या आदल्या रात्री त्यानं स्वतःच उपटून टाकलं होतं. आज तो बरा आहे, औषध चालू आहे, काम पुन्हा सुरू झालं आहे. नाव-गाव न येता हे लिहायला दोघांनी होकार दिला आहे. "मावशी, लिहा," असं तोच म्हणाला.

ज्या स्थळासाठी मी गप्प राहायला सांगितलं, ते स्थळ तर जमलं नाहीच. पण समजा जमलं असतं? कुणाच्या तरी लेकीला आपण कुलूपबंद कपाटाच्या घरात पाठवलं असतं. बायोडाटात गोत्र लिहिलं असतं, रात्रीचं जेवण वर्ज्य लिहिलं असतं. कांदा न खाणारं घर म्हणून आपण किती मिरवतो!

म्हणून माझं म्हणणं एवढंच. मुलाच्या खोलीत उदबत्ती वाढली, बिल वाढलं, कपाटाला कुलूप आलं, तर विचारा. ओरडू नका, पण विचारा. सापडलं तर पाणी घालू नका, झाकू नका, नातेवाइकांपासून लपवण्यात महिने घालवू नका. ओळखीच्या वकिलाला त्याच दिवशी भेटा. मुलगा नशा करत असेल तर तो आजारी आहे असं समजून डॉक्टरांकडे न्या. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला याच कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये काही बाबतींत खटल्यापासून संरक्षण आहे. पण झाड लावणाऱ्यानं त्यावर विसंबू नये, म्हणून उशीर नको. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करत आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि अमली पदार्थांबाबत १९३३ हे सरकारी मदत क्रमांक आहेत. लिहून फ्रिजवर लावा, गॅसच्या नंबराशेजारी.

आणि मंडळातल्या माझ्यासारख्या वडीलधाऱ्या बायकांना एक विनंती. कुणी रडत फोन केला तर "कुणाला बोलू नकोस" हे आपलं पहिलं वाक्य नसावं. "मी येते, आपण डॉक्टरांकडे जाऊ," हे असावं.

त्या मैत्रिणीची आणि त्या मुलाची मी दोन्ही हात जोडून क्षमा मागते. उत्तम क्षमा.