वंशावळीत न मावणारे रक्त

शिवनेरीच्या परिसरात इतिहासाचे वेड बहुधा घराण्यापासून लागते. राजुरी असो वा जुन्नर तालुक्यातील दुसरे एखादे गाव. मूळ पुरुष कोण, भावकीच्या शाखा किती, वतन कोणाकडे गेले, या चर्चेत तरुणही रमतात. भाटाची वही किंवा एखादा कुर्सीनामा हाती लागला की ‘हे आमच्या रक्तातच आहे’ असे म्हणायला वेळ लागत नाही. रक्ताचा विषय निघालाच आहे, तर मुंबईतील एक प्रकरण पाहावे.

१९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद केली. नेहमीच्या तपासणीत हे रक्त ‘ओ’ भासे. प्रत्यक्षात ‘ओ’ गटाचे रक्तही त्याला चालत नसे. जगाने त्याला ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हटले. मुंबईत सुमारे १०,००० माणसांत एकाचा हा गट असतो, असे मानले जाते.

कारण असे. ‘ए’ आणि ‘बी’ या खुणा ‘एच’ नावाच्या पायावर उभ्या राहतात. ‘एच’ घडवणारे जनुक प्रभावी. आईवडिलांपैकी एकाकडून आले तरी पुरते. त्याचे निकामी रूप अप्रभावी. ते दोघांकडून आले तरच पाया उभा राहत नाही. मग ‘ए’ किंवा ‘बी’चे जनुक अंगी असूनही दिसत नाही. दोन्ही पालक निरोगी, पण निकामी रूपाचे वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याच्या बाबतीत ही शक्यता चारात एक असते. ते रूप कित्येक पिढ्या कोणाच्या लक्षात न येता वाहत राहू शकते.

कुर्सीनाम्याची अडचण इथेच उघडी पडते. तो वतनाच्या वारशासाठी लिहिला गेला, म्हणून त्यात बाप आणि मुलगे. सुनांची माहेरे बहुधा नाहीत. हक्काच्या वादात एवढे पुरेसे होते. ‘रक्ता’चा पुरावा म्हणून मात्र तो अर्धा कागद आहे, कारण अप्रभावी गुण प्रकट व्हायला आईची बाजू लागतेच. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्नाची रीत आहे. अशा सोयरिकीत एकच सुप्त जनुक दोन्हीकडून येण्याचा संभव वाढतो. आणि नेमके हे नाते पुरुषांच्या यादीत शोधून सापडणार नाही.

या अर्धवटपणाची किंमत बाईला मोजावी लागू शकते. आईचा गट कागदावर ‘ओ’, वडिलांचा ‘ए’ आणि मूल ‘एबी’, असे कळले की कुजबुज सुरू होते. शाळेतल्या पुस्तकाच्या आधारे तर हे अशक्यच ठरते. परंतु ती बॉम्बे गटाची असेल, तर तिच्या अंगी दडलेले ‘बी’ मुलाकडे जाते, वडिलांकडून ‘एच’ मिळते आणि ‘एबी’ गट सरळ प्रकट होतो. केवळ ‘ए’ आणि ‘बी’ तपासणाऱ्या चाचणीला ते दिसत नाही; त्यासाठी ‘एच’ वेगळे तपासावे लागते.