शेतात सोयाबीन, पुड्यातही सोयाबीन. पण लेबल वाचणार कोण?

मराठवाडा-विदर्भात खरिपाचं मोठं पीक सोयाबीन. २०२५-२६ साठी हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला, अन् गावोगावी चर्चा भावाचीच राहिली. पण हेच सोयाबीन ज्यांना सोसत नाही, त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही.

सोयाची ॲलर्जी म्हणजे साधं अपचन नव्हे. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात. काहींचा श्वास अडकतो. त्रास लहान मुलांत जास्त दिसतो.

कायदा नाही असं नाही. २०२० च्या लेबल नियमांनुसार पाकिटातल्या मालात सोयाबीन असेल तर 'कंटेन्स' लिहून तसं वेगळं सांगावं लागतं. मग घोडं अडतं कुठं? तीन ठिकाणी.

पहिलं, भाषा. लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत चालतं, मराठीची सक्ती नाही. त्यात अक्षर मुंगीएवढं.

दुसरं, नाव. बिस्किट, चॉकलेटच्या पुड्यावर 'लेसिथिन' किंवा 'आयएनएस ३२२' लिहिलेलं असतं. ते बहुतेक वेळा सोयाचं, कधी सूर्यफुलाचंही असतं. नूडल्सच्या मसाल्यातलं 'हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन' हेही सोयाचं असू शकतं.

तिसरं अन् सगळ्यात अवघड, सुटा माल. बेकरीचा पाव, गाड्यावरच्या मंचुरियनमधला सोया सॉस, लग्नाच्या पुलावातल्या सोयावड्या, यांना लेबलच नाही. गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकानं गव्हात सोयाबीन टाकून दळलं असेल, तर तेच पीठ पुढच्याच्या डब्यात उतरतं.

तेलाचं गणित वेगळं. रिफाइंड सोया तेलात प्रथिन जवळपास उरत नाही, म्हणून बहुतेकांना ते चालतं. घाण्याच्या तेलात मात्र ते राहू शकतं. आपल्याला चालेल का, हे डॉक्टरलाच विचारावं.

मग करायचं काय? पुडा उलटून 'कंटेन्स' अन् 'मे कंटेन' या ओळी बघा. वाचता येत नसेल तर मोबाईलनं फोटो काढून शिकलेल्या पोराला दाखवा. नेहमीचाच पुडा असला तरी दर वेळी बघा, कंपनी घटक बदलते. अंगणवाडीत, शाळेत पोराच्या ॲलर्जीची लेखी कल्पना द्या. श्वास लागला तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच १०८ ला फोन करा.

पिकवणाऱ्याच्याच घरात हे धान्य ओळखू येऊ नये, ही खरी अडचण आहे. लेबलवर मराठीत 'सोयाबीन आहे' एवढे दोन शब्द छापायला कंपन्यांना फार खर्च येणार नाही. ग्रामसभेनं हा ठराव घ्यायला हरकत नाही.