तार जाईल काय?

'तार' हा शब्द आपल्या आजोबांच्या पिढीला धडकी भरविणारा होता. तारवाला दारात उभा राहिला की घरातील माणसे आधी रडू लागत आणि मग मजकूर वाचीत. ती तार जुलै २०१३ मध्ये भारतात कायमची बंद झाली. चार दिवस हळहळ व्यक्त झाली आणि पुढे कोणाचे काही अडले नाही. आता तोच प्रसंग दुसऱ्या एका तारेवर येऊ घातला आहे, असे जाणकार म्हणविणारे सांगतात. टेबलावरील संगणकाच्या पाठीमागे एक चौकोनी भोक असते; त्यात इंटरनेटची केबल 'टक्' असा आवाज करून बसते. बाजारात त्याला लॅनचा पोर्ट म्हणतात. वायफायच्या या जमान्यात घरगुती संगणकावरून हा पोर्ट नाहीसा होणार काय, असा प्रश्न आहे.

या महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर मी सुरतेस आलो आणि गेली पंधरा-सोळा वर्षे संगणक जोडण्याचा व केबल टाकण्याचा धंदा करीत आहे. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत आपले खानदेशी मराठी लोक पुष्कळ. त्यांच्या तोंडून हा प्रश्न मला वरचेवर ऐकावा लागतो : "भाऊ, आता वायर कशाला?" माझे उत्तर थोडक्यात असे की, पोर्ट इतक्यात जाणार नाही. जाणार आहे ती घराच्या भिंतीतील तार. आणि तार गेली की पोर्ट असून नसल्यासारखाच. हे मी का म्हणतो ते क्रमाने मांडतो.

प्रथम थोडा इतिहास पाहू. गंमत अशी की, तारेचे हे जाळे बिनतारी जाळ्याच्या पोटीच जन्मले. हवाई बेटांवरील विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी १९७१ मध्ये बेटाबेटांवरील संगणक रेडिओलहरींनी जोडले. दोघे एकाच वेळी बोलले तर संदेशांची टक्कर व्हायची; मग दोघांनीही थोडे थांबून पुन्हा बोलायचे, असा तो प्रकार होता. ही कल्पना उचलून, सुधारून रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात ती तारेवर बसविली आणि तिला 'ईथरनेट' असे नाव दिले. प्रकाश ज्या ईथरमधून वाहतो असे एकेकाळचे शास्त्रज्ञ मानीत, त्यावरून हे नाव. ते पहिले जाळे सेकंदाला सुमारे तीस लाख बिट वाहून नेई. १९८३ मध्ये त्याचे सर्वमान्य मानक ठरले. १९९० मध्ये पीळ घातलेल्या साध्या तांब्याच्या तारांवर ते चालू लागले आणि १९९९ मध्ये तशाच तारांवरून सेकंदाला शंभर कोटी बिट धावू लागले. आजही घरगुती संगणकाच्या पोर्टात आठ तारांच्या चार जोड्या असतात आणि ती केबल शंभर मीटरपर्यंत बिनतक्रार काम करते. मेटकाफ यांना या कार्याबद्दल २०२२ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. वायफायचे पहिले मानक १९९७ चे. आपल्याकडे केंद्र सरकारने २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याविना वापरण्यास मोकळा केला आणि वायफायचा मार्ग खुला झाला. ॲपलने २००८ मध्ये मॅकबुक एअर काढला, त्यात लॅनचा पोर्ट नव्हता. मग एकामागून एक बहुतेक सडपातळ लॅपटॉपांनी तोच कित्ता गिरविला. तो लॅपटॉपचा प्रश्न होता असे म्हणावे, तर २०२१ मध्ये त्याच कंपनीच्या आयमॅक या टेबलावरच्या संगणकावरूनही पोर्ट उठला. संगणकाची जाडी अवघी साडेअकरा मिलिमीटर केल्यावर पोर्टाला जागा कोठून मिळणार? तो विजेच्या अडॅप्टरमध्ये जाऊन बसला आणि सर्वांत स्वस्त नमुन्यात तर तो जादा पैसे भरून घ्यावा लागे. फ्लॉपी गेली, प्रिंटरचा जुना रुंद पोर्ट गेला, सीडीचा ड्राइव्ह गेला. घरातला टेलिफोनही गेला, आणि तो तर मोबाइलपेक्षा स्पष्ट ऐकू येत असे! म्हणजे सरस वस्तूच टिकते असे नाही, सोयीची टिकते. हा मुद्दा सहजासहजी खोडता येणारा नाही.

तरीही एक फरक लक्षात घ्यावा. टेलिफोनवर मात केली ती माणसाच्या पायांनी. माणूस हिंडतो, म्हणून फोन खिशात आला. टेबलावरचा संगणक कोठे हिंडतो? तो आणल्या दिवसापासून मोडीत निघेपर्यंत एकाच कोपऱ्यात बसलेला असतो. विजेची तार त्याला लागतेच. त्या तारेशेजारून दुसरी एक तार गेली तर कोणाचे काय बिघडते? म्हणूनच २०२४ मध्ये त्याच ॲपलने तळहाताएवढा मॅक मिनी काढला, तेव्हा त्याच्या पाठीवर लॅनचा पोर्ट होता. सुरतेत जे सुटे भाग आणून संगणक जोडून देतात, त्यांच्या मदरबोर्डवरही तो असतोच. त्याची चिप स्वस्त आहे. ती काढून कारखानदाराचे फारसे वाचत नाही आणि ठेवली तर संगणक घर, दुकान, शाळा कोठेही खपतो.

आता माझ्या डोळ्यांसमोरची सुरत सांगतो. मी आलो तेव्हा इंटरनेट केबलवाल्याकडून येई. तो एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर लॅनची केबल टाकी आणि तिचे टोक थेट संगणकाच्या पोर्टात खोची. उत्तरायणात पतंगांच्या मांज्याने या केबली कापल्या जात. पावसाळ्यात वीज कडाडली की दुसऱ्या दिवशी पोर्ट जळाल्याची तक्रार ठरलेली. लोक तारेला कंटाळले ते त्या दिवसांत. पुढे काचेच्या तंतूंचे फायबर घरापर्यंत आले. त्यातून वीज वाहत नाही, त्यामुळे पोर्ट जळण्याचे प्रमाण अगदी कमी झाले. पण फायबरवाल्याने सोबत वायफायचे खोकेही दिले. लोकांनी खोके ठेवले आणि केबल गुंडाळून माळ्यावर टाकली. तारेचा खरा दोष दूर झाला आणि नेमक्या त्याच वेळी तार बदनाम होऊन गेली!

वायफायचे दुखणे कोठे आहे ते पाहण्यासाठी रिंग रोडवरील कोणत्याही कापड मार्केटमध्ये जावे. गाळ्याला लागून गाळा, मध्ये सिमेंटच्या भिंती, पुढे लोखंडी शटर आणि प्रत्येक गाळ्यात एक वायफाय. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांना धक्का न लावणाऱ्या जागा तीनच. म्हणजे सभागृहात तीन माइक आणि बोलणारे शंभर! रेडिओलहर ही सामाईक वस्तू आहे; एक बोलतो तेव्हा जवळपासच्या इतरांना थांबावे लागते. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा अधिक आहे, पण त्या लहरी भिंतीतून लवकर क्षीण होतात. तारेचे तसे नाही. तिच्या दोन टोकांना दोघेच असतात आणि दोघे एकाच वेळी बोलू शकतात. शेजाऱ्याने काहीही चालू केले तरी आपल्या तारेवर गर्दी होत नाही. बिले करणारा व्यापारी वेगासाठी तार मागत नाही. पार्सल निघायच्या वेळी बिल अडू नये, एवढेच त्याचे मागणे असते.

दुसरे उदाहरण एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यांचे. आपल्याकडे शहापूर-वडगावात मागांचा आवाज ऐकत जे वाढले, त्यांना हे चटकन उमगेल. सुरतेत साड्यांवर भरतकाम करणाऱ्या संगणकी मशिनी पुष्कळ आहेत. जुन्या मशिनींना नक्षी भरण्यासाठी फ्लॉपीचे तोंड असे. सोनीसारख्या कंपनीने २०११ मध्ये फ्लॉपी विकणे थांबविले. मशिनी मात्र ठणठणीत होत्या. मालकांना फ्लॉपीच्या जागी पेन ड्राइव्ह घेणारे उपकरण बसवून घ्यावे लागले. यावरून एक धडा मिळतो. यंत्राचे आयुष्य मोठे असते आणि दाराचे लहान. ज्या यंत्राला एकच दार, ते दार बंद झाले की चांगले यंत्रही कोंडले जाते.

हाच धडा गरीब विद्यार्थ्याला सर्वाधिक लागू पडतो, आणि माझ्या मते या प्रश्नाचे मर्म येथे आहे. कार्यालयांतून वापरून काढलेले संगणक येथे स्वस्तात विकले जातात. लूमखात्यात काम करणाऱ्या बापाला मुलासाठी तेवढेच परवडते. यांतील कित्येक संगणकांत वायफाय नसतेच. इंटरनेटकडे जाणारे दार एकच, तो पोर्ट. वीस वर्षांपूर्वीचा पोर्ट आजच्या नव्या राउटरशी सरळ बोलतो, आपसांत वेग ठरवून घेतो आणि कामाला लागतो. जुने वायफाय कार्ड मात्र नव्या पट्ट्यातले जाळे पाहूच शकत नाही. पोर्ट हे म्हातारे न होणारे दार आहे. नव्या संगणकांवरून ते काढले, तर दहा वर्षांनी जो जुना माल गरिबाच्या वाट्याला येईल, त्याला हे दार नसेल. श्रीमंत नवा संगणक घेईल. दुसऱ्याने काय करावे?

कोणी म्हणेल, की एका खोलीत राहणाऱ्याने भिंतीत तार कोठे घालावी? त्याला घालण्याची गरजच नाही. लिंबायतमधील दहा बाय बाराच्या खोलीत राउटर आणि संगणक एकाच फळीवर असतात. दोन मीटरची केबल पुरते. अडचण आहे ती मोठ्या घरात, वसतिगृहात आणि नव्या इमारतीत. शहराच्या पश्चिमेस उंच इमारती उठत आहेत. त्यांत एअरकंडिशनरसाठी पाइप असतो, टीव्हीसाठी असतो, पण अभ्यासाच्या टेबलापर्यंत लॅनची केबल नेणारा पाइप क्वचितच आढळतो. प्लास्टर होण्यापूर्वी एक पाइप टाकणे हे फार तर अर्ध्या दिवसाचे काम. रंग लागल्यावर तेच करायचे म्हणजे भिंत फोडणे आले, आणि भिंत फोडायला कोणती गृहिणी परवानगी देईल? अशा रीतीने पोर्ट शाबूत राहतो, पण त्याच्यापर्यंत तार पोचत नाही. मग कोणी वापरत नाही म्हणून एक दिवस कारखानदारही तो काढून टाकील, आणि आपण म्हणू की काळच बदलला! वास्तविक काळ बदललेला नसतो. आपणच घर बांधताना आळस केलेला असतो.

येथे एक गैरसमजही दूर केला पाहिजे. वायफाय म्हणजे तारेचा अंत असे अनेकांना वाटते. पण महाविद्यालयाच्या किंवा इस्पितळाच्या छताला लटकणारे वायफायचे पांढरे खोके पाहा. त्याच्या पाठीत लॅनचीच केबल गेलेली दिसेल. बहुधा तीच केबल त्याला वीजही पुरविते. बिनतारी असतो तो शेवटचा दहा-वीस पावलांचा टप्पा. विहीर आटली तर नळाला पाणी कोठून येणार? ज्या परीक्षांवर विद्यार्थ्यांचे भवितव्य अवलंबून असते, त्यांच्या केंद्रांतील संगणकही तारेनेच जोडतात. जेथे चूक परवडत नाही तेथे माणूस तारेवरच विसंबतो.

म्हणून माझे मत असे. सडपातळ आणि शोभिवंत संगणकांवरून पोर्ट जाईल. काहींवरून तो गेलाच आहे. त्याबद्दल अश्रू ढाळण्याचे कारण नाही, कारण अडॅप्टर विकत मिळतो. साध्या, जोडून मिळणाऱ्या संगणकांवर तो आणखी बरीच वर्षे राहील. मात्र तो राहणे वा जाणे हे अमेरिकेतल्या कंपनीइतकेच आपल्यावरही अवलंबून आहे. मागणारा असेल तर विकणारा ठेवतो.

विद्यार्थी मित्रहो, संगणक घेताना त्याच्या चेहऱ्याबरोबर पाठही पाहा आणि पोर्ट नसेल तर का नाही ते दुकानदाराला विचारा. घरात फोन, लॅपटॉप यांच्यासाठी वायफाय खुशाल वापरा; पण जे यंत्र जागचे हलत नाही त्याला तार द्या, म्हणजे हवेतील गर्दीही तेवढीच कमी होईल. आणि गुरुजनांना एक विनंती : प्रयोगशाळा किंवा वसतिगृह बांधण्याचा विचार चालू असेल, तर नकाशा मंजूर होण्यापूर्वी प्रत्येक टेबलापर्यंत एक रिकामा पाइप दाखवून घ्यावा. आज त्यातून तांब्याची तार जाईल, उद्या काचेचा तंतू जाईल, परवा आणखी काही. भिंतीतली वाट तेवढी मोकळी असली पाहिजे.